भैरूच्या टीव्हीवरची अक्षरं

भैरूला हळू बोलता येत नसे. हॅमर शॉपमधली माणसं सगळीच मोठ्यानं बोलतात, पण त्याचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून खाली रिक्षावाल्यापर्यंत जायचा. त्यानं बायकोला, गोजाबाईंना, "मीठ कमी हाय" म्हटलं की ते समोरच्या इमारतीत आम्हाला कळायचं. माझी बायको हयात होती तेव्हा म्हणायची, त्यांच्याकडे आज काय भाजी आहे हे विचारायला जावंच लागत नाही.

आकुर्डीतल्या एका फोर्जिंग कंपनीत आम्ही दोघं होतो. मी स्टोअरमध्ये, तो हॅमरवर. लाल झालेलं लोखंड चिमट्यानं साच्यात धरायचं आणि त्यावर वरून घण पडायचा, तो शिफ्टभर पडत राहायचा. माझ्या स्टोअरच्या फळीवरचे नटबोल्ट हादऱ्यानं सरकत सरकत कडेला यायचे, ते मी संध्याकाळी परत मागे लोटायचो. कानात घालायच्या गुंड्या कंपनी द्यायची. भैरू त्या खिशात ठेवायचा.

"कानात बूच घातल्यावर घण कसा ऐकू येईल रं?" तो म्हणायचा. "आवाज बदलला की समजायचं, साचा तडकला. तुमच्या स्टोअरात बसून हे कळायचं न्हाई."

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण कान गेले. आधी डावा, मग निवृत्त व्हायच्या सुमाराला उजवा. थोरल्या मुलानं यंत्र आणून दिलं, त्यात भैरूला फक्त शिट्टी ऐकू यायची. ते त्यानं कपाटात ठेवून दिलं आणि घरात एक पाटी आली. त्याला काही सांगायचं असलं की पाटीवर लिहायचं. चौथीपर्यंत शिकलेला होता, ओठ हलवत वाचायचा. उत्तर मात्र तोंडानं द्यायचा, आणि ते सगळ्या गल्लीला मिळायचं.

त्याला दोन मुलगे. थोरला गणराज चाकणला पत्रे दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लाइन लीडर आहे. बायको आणि मुलगी सायली यांच्यासह तिकडेच राहतो. धाकटा प्रीतम बऱ्याच वर्षांनी झालेला. त्यालाही गणराजनंच आपल्या कंपनीत लावलं. प्रीतमचं लग्न व्हायचं होतं, तो आईवडिलांजवळ राहायचा आणि कंपनीच्या बसनं जायचा-यायचा.

भैरूला पाटी लागत नसे ती एकट्या प्रीतमसमोर. हॅमर शॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. लोखंड थंड झालं, साहेब आला, चहाला चल, असं सगळं हातांनी. भैरूनं ते प्रीतमला लहानपणी खेळ म्हणून शिकवलं होतं. पुढे त्या दोघांनी त्यात आपली भर घातली. संध्याकाळी दोघं गॅलरीत उभे राहून खालच्या माणसांची नक्कल करत हसायचे आणि गोजाबाई चिडायच्या. "काय बोलताय ते मला कळू द्या की. माझ्यावरच चाललंय ना?" गणराजला ही भाषा येत नव्हती. तो गंभीर स्वभावाचा, पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहायचा आणि खडू जागेवर ठेवायचा.

खंडेनवमीला आमच्या भागातल्या कारखान्यांत घरच्या माणसांना आत सोडतात. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. एरवी ज्या दारातून आत पाऊल टाकता येत नाही तिथं त्या दिवशी बायका नवीन साड्या नेसून फिरतात आणि आपला माणूस दिवसभर कुठं उभा असतो ते बघतात. गेल्याच्या गेल्या वर्षी भैरूचं सगळं घर प्रीतमचं मशीन बघायला गेलं. सायलीनं मोबाइलवर सगळं चित्रण केलं. तासभराच्या वर झालं असेल. प्रीतम पुढं पुढं चालत सगळ्यांना दाखवत होता.

त्यानंतर दिवाळीच्या आतच त्याच मशीनवर प्रीतम गेला. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा जबडा खाली येतो. हात आत राहू नये म्हणूनच ती दोन असतात. प्रीतमच्या मशीनवर एक बटण लाकडाच्या पट्टीनं दाबून बांधलेलं निघालं. एका हातानं अडकलेला पत्रा काढताना दुसऱ्या हाताचं कोपर उरलेल्या बटणावर पडलं असावं, असं चौकशीत म्हणाले. हात खांद्यापर्यंत गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत तो राहिला नव्हता.

पट्टी कुणी बांधली, हे चौकशीतून निघालं नाही. अशा पट्ट्या बऱ्याच ठिकाणी असतात. दोन्ही हात अडकले की काम सावकाश होतं, टार्गेट भरत नाही. साहेब फेरीवर येतो तेव्हा पट्ट्या काढतात, गेला की बांधतात.

थंडीत कधीतरी भैरूनं सायलीला बोलावून घेतलं. मी तिथं होतो.

"खंडेनवमीच्या दिवशीचं सगळं लिही," तो म्हणाला. "टीव्हीवर सिनेमाच्या खाली अक्षरं येत्यात, तशी. मी तिथं व्हतो आन् मला काय कळलं न्हाई. सगळे हसत व्हते, पोरगं बोलत व्हतं. काय बोलत व्हतं ते मला पायजे."

सायलीनं पाटीवर लिहिलं, सगळे एकदम बोलतात त्यात.

"एकदम तर एकदम. कुणाचा एक शब्द सोडायचा न्हाई."

ती कॉलेजात शिकणारी मुलगी. महिनाभर बसून तिनं एकेक वाक्य ऐकलं आणि टाइप केलं. कोण बोलतंय त्याचं नाव तिनं घातलं नाही, ते तिला सुचलंच नाही. तिला आवाजावरून सगळे ओळखू येत होते. भाषाही तिनं शाळेत शिकवतात तशी नीट करून लिहिली.

मोबाइलवरची अक्षरं भैरूला दिसत नव्हती. त्याच्याकडे जुना टीव्ही होता आणि गणराजच्या लग्नाची फिल्म बघायला घेतलेला डीव्हीडी प्लेअर. रिमोटवरचं मागं-पुढं करायचं बटण त्याला येत होतं. म्हणून सायली स्टेशन रस्त्यावरच्या बंटीकडे गेली. बंटी पूर्वी लग्नांची शूटिंग करायचा, आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर दुकान चालतं, पण डीव्हीडी करायचं यंत्र त्यानं काढून टाकलेलं नाही. त्यानं सायलीचा व्हिडिओ आणि अक्षरं एकत्र करून डिस्क तयार केली आणि नेहमीच्या पद्धतीनं पहिली काही मिनिटं चालवून बघितली. पडद्यावर प्रीतम आला आणि त्याच्या ओठांखाली बरोबर उमटलं: "या, या, इकडून या. वर डोकं सांभाळा." सायली रडायला लागली. बंटीनं डिस्क बंद करून पाकिटात घातली.

भैरू रोज ती डिस्क बघू लागला. दुपारी जेवण झालं की लावायचा. गोजाबाईंना मुलाचा आवाज सोसत नसे, म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केलेला असायचा आणि डिस्क लागली की त्या पिठाला, भाजीला, कुठंतरी निघून जायच्या. भैरूला आवाजाचा उपयोगच नव्हता. गॅलरीचं दार उघडं असलं तर समोरून मला दिसायचं, तो पडद्याजवळ स्टूल घेऊन बसलेला आणि ओठ हलवत वाचत असलेला. पहिले काही दिवस तो मला सांगायचाही. "ऐक, प्रीतम म्हनतो, ह्या मशीनला आमी म्हैस म्हनतो, कारन जागची हलत न्हाई आन् खाते लई." मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हसायचा.

नंतर त्याचं हसणं थांबलं. ते कधी थांबलं हे मला नेमकं सांगता येणार नाही. मला दिसलं ते इतकंच की गणराज रविवारी यायचा आणि भैरू त्याच्याकडे बघायचा नाही. बहिऱ्या माणसाला अबोला धरायला तोंड मिटावं लागत नाही, नजर काढून घेतली की पुरतं. गणराज पाटीवर लिहून समोर धरायचा, भैरू भिंतीकडे बघायचा. गणराज थोडा वेळ पाटी तशीच धरून ठेवायचा, मग पुसायचा. संक्रांत गेली, शिमगा गेला. तरी तो दर रविवारी यायचा. येताना बापासाठी काहीतरी घेऊन यायचा, ते तसंच टेबलावर राहायचं.

गोजाबाईंनी एकदा मला जिन्यात गाठलं. "भाऊजी, तुमी तरी इचारा. मला सांगत न्हाईत. थोरला एवढ्या लांबून येतो, समोर बसतो, आन् हे भिताडाकडं बघत्यात. मी म्हनलं, भिताडानं तुमचं काय केलंय ते तरी सांगा. तर उठून गॅलरीत गेले."

मला दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची सवय नाही, पण त्या तशाच उभ्या राहिल्या. दुपारी मी गेलो आणि पाटीवर लिहिलं, गणराजशी काय बिनसलं?

भैरूनं तळव्यानं पाटी पुसली. डिस्क लावली आणि शेवटाकडे नेली.

"बघ," तो म्हणाला. "तोंड बघ त्याचं."

पडद्यावर हार घातलेलं मशीन होतं. चित्र प्रीतमवरून फिरून गणराजवर आलं. गणराज मशीनकडे हात करून काहीतरी बोलत होता. त्याच्या चेहऱ्याखाली अक्षरं आली: "एका बटणावर पट्टी बांधून टाक. काही होत नाही."

भैरूनं चित्र थांबवलं.

"थोरला भाऊ. वर लाइन लीडर. तो बोलला आन् त्यानं ऐकलं. पोरगं माझं साधं व्हतं. कळलं ना आता?"

मला खरं वाटेना. गणराज चार माणसांत असं काही बोलणारा नव्हे, ते त्याच्या स्वभावातच बसत नाही. गोजाबाई गिरणीत गेल्या होत्या. मी रिमोट घेतला, थोडं मागं नेलं आणि आवाज चालू केला.

प्रीतम सांगत होता, "दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय ही खाली येत नाही. म्हणजे हात आत राहूच शकत नाही." एवढं सांगून तो थांबला; चित्रात तो एकटाच होता, तोंड मिटून मोबाइलच्या बाजूला बघत होता. आणि मोबाइलच्या अगदी जवळून, सगळं शॉप भरून जाईल असा भैरूचा आवाज आला. "मग माल कवा काढायचा? एका बटनावर पट्टी बांधून टाक. काय होत न्हाई." माणसं हसली. प्रीतमही हसला आणि हातांनी बापाला काहीतरी म्हणाला. मग चित्र फिरलं, गणराज दिसला, तो म्हणाला, "चला, नारळ फोडायचाय, भटजी थांबलेत." ते म्हणताना त्यानं मशीनकडे हात केला, आणि तेव्हा कुठं ती आधीची अक्षरं खाली उगवली.

भैरू माझ्या तोंडाकडे बघत होता. मी आवाज बंद केला आणि मान हलवली.

"कळलं ना," तो पुन्हा म्हणाला. टीव्हीतला आणि हा, आवाज एकच होता.

घरी येऊन मी सायलीला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती कॉलेज सुटल्यावर आली आणि आम्ही दोघं बंटीच्या दुकानात गेलो. त्यानं आपल्याकडे राहिलेली त्या डिस्कची प्रत शेवटापर्यंत लावली. काही वेळानं तो खुर्चीत मागं रेलला.

"सरकलंय," तो म्हणाला. "हे मोबाइलचे व्हिडिओ असेच असतात काका. सेकंदाला कधी तीस चित्रं काढतो, अंधार झाला की चोवीस. डीव्हीडीला पंचवीसच लागतात, कमी नाही, जास्त नाही. ते बसवताना चित्र आणि आवाज एकमेकांना धरून सरकले, अक्षरं त्यांच्या जुन्या वेळेवर राहिली. सुरुवातीला केसभर. शेवटाला हे असं."

"तू तपासलं नाहीस का?"

"सुरुवात तपासली ना. लग्नाच्या डीव्हीडीत अक्षरं कुठं असतात? गाणं असतं. गाणं कुणाच्याही तोंडावर चालतं." त्यानं सायलीकडे बघितलं. "ही पोरगी रडत होती, राव. मी पुढं कसं लावणार?"

सायली पडद्याकडे बघत होती. "पण ते तर आजोबांचं वाक्य आहे," ती म्हणाली. "टाइप करताना मला वाटलं होतं गाळावं. पण ते म्हणाले होते, एक शब्द सोडायचा नाही. मला वाटलं, स्वतः बोललेलं त्यांना आठवत असेल."

"त्यांना वाटतंय, तुझे पप्पा बोलले," मी म्हटलं.

तिनं फोन काढला आणि बाहेर गेली.

बंटीनं काम परत पहिल्यापासून केलं. आधी नुसता व्हिडिओ पंचविसाच्या मापात पक्का करून घेतला आणि मग त्या पक्क्या चित्रावर सायलीला एकेक वाक्य लावायला बसवलं. पूर्वी तिनं मोबाइलच्या मूळ फिल्मवर वेळ लावली होती, तिथंच घोटाळा होता. दोन दिवस ती कॉलेज सुटल्यावर येऊन बसली. झाल्यावर बंटीनं सुरुवात बघितली, मध्य बघितला आणि शेवट तीनदा बघितला. आता ती अक्षरं प्रीतमच्या मिटलेल्या तोंडाखाली येत होती. तो मोबाइलच्या बाजूला बघत होता. त्या बाजूला सायली आणि भैरू, दोघंच उभे होते. भैरूनं हे बघितलं असतं तर त्याला पाटीची गरज पडली नसती.

गणराज पहिल्या शिफ्टवरून थेट दुकानात आला, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. त्यानं दोन्ही डिस्क उभ्यानंच बघितल्या.

"मला वाटायचं, आण्णांना स्वतःचं बोललेलं लागलंय," तो म्हणाला. "म्हणून माझ्याकडे बघवत नाही त्यांना. मी मुद्दामच यायचो. म्हटलं, यांना असं वाटायला नको की पोरगं आपल्याला दोष देतंय."

"भावा, मग सोपं आहे," बंटी म्हणाला. "ही बरोबरची घेऊन जा आणि मोकळा हो."

"आणि मग?"

बंटीनं हातातलं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"त्यांना दिवसभरात दुसरं काम नाही. ही डिस्क, परत ही डिस्क. रोज दुपारी जेवून स्वतःचं वाक्य बघत बसतील. किती दिवस बघतील, काका?"

मी म्हटलं, "पण तू बोलला नाहीस ना, गणराज. जे तू केलं नाहीस..."

"पट्टी मी बघितली होती." हे तो सायलीकडे न बघता म्हणाला. "त्याच्याच काय, लाइनवर आणखीही मशीनला होत्या. दिवाळीच्या तोंडावरचं टार्गेट होतं. मी लाइन लीडर. काढ म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. आण्णा बोलले आणि मी चालू दिलं. कुणाचं जास्त, सांगा तुम्ही."

"प्रीतमनं त्यांचं ऐकून बांधली का आधीपासूनच होती?" मी विचारलं.

"माहीत नाही. आता विचारायचं कुणाला?"

मग तो सायलीला म्हणाला, "ते वाक्य काढून टाक."

"पप्पा, त्यांना ती ओळ पाठ आहे."

"असू दे. नवीन डिस्कमध्ये माझ्या तोंडाखाली नारळाचं वाक्य आलं, की त्यांना वाटेल जुनीच चुकली होती. ते चूकच आहे ना? खोटं थोडंच सांगतोय?"

"सगळंच खरं दाखवू या ना."

"सायली, काढ."

मी काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं. पण तो त्याचा बाप आणि त्याचाच भाऊ. माझ्या तोंडून इतकंच निघालं, की घाई करू नकोस. त्यानं मान हलवली आणि बंटीकडे बघितलं. बंटीनं सायलीकडून ती एक ओळ काढून घेतली आणि आणखी एक डिस्क केली.

रविवारी गणराज आणि सायली आले. गोजाबाईंनी मलाही बोलावलं होतं, त्यांना वाटत होतं आज काहीतरी मिटेल. त्यांनी सकाळीच पुरणाची डाळ शिजत घातली होती. सायलीनं पाटीवर लिहिलं, आजोबा, जुन्या डिस्कमध्ये अक्षरं मागं पडत होती, नीट करून नवीन आणली. भैरूनं ते दोनदा वाचलं. मग डिस्क घेतली, प्लेअरमध्ये घातली आणि सुरुवात न बघता थेट शेवटाकडे गेला.

प्रीतम आला. त्याच्या ओठांखाली त्याची वाक्यं आली, अगदी बरोबर. मग तो मोबाइलच्या बाजूला बघत उभा राहिला आणि खाली काहीच आलं नाही. माणसं हसली, प्रीतम हसला, त्याचे हात हलले. चित्र फिरलं. गणराजच्या तोंडाखाली आलं: "चला, नारळ फोडायचाय, भटजी थांबलेत."

भैरूनं मागं नेलं. परत बघितलं. परत मागं नेलं. अक्षरं नसलेल्या त्या जागेवर चित्र थांबवून तो बराच वेळ बसला. मग त्यानं मान वळवून गणराजकडे सरळ बघितलं.

"पुसलंस?"



"काय पुसलं?" गोजाबाई दारातून म्हणाल्या. "काय म्हनत्यात हे?"

"माझ्यापाशी एवढंच व्हतं," भैरू म्हणाला. त्याचा आवाज खालपर्यंत गेला असणार. "पोराचं काय झालं, कुणामुळं झालं, एवढं एक खरं मला कळलं व्हतं. ते बी पुसलंस. आन् पोरीला हाताशी धरून. लाज न्हाई वाटली?"

सायलीनं पाटी ओढली. गणराजनं पाटीवर हात ठेवला.

"आजोबा, ते तुम्हीच म्हणाला होतात," ती मोठ्यानं बोलून गेली.

ते आम्ही तिघांनी ऐकलं. भैरू गणराजकडेच बघत होता, त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोजाबाई हातातला झारा धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे. पुन्हा काही विचारलं नाही.

"तू म्हनलास का न्हाई?" भैरू म्हणाला. "पाटी नगं. तोंडानं सांग. मला बघू दे."

गणराज त्याच्यासमोर जाऊन बसला, दोघांचे गुडघे लागतील इतका जवळ. बहिऱ्याला कळावं म्हणून आपण ओठ जरा जास्त हलवतो, तसे हलवून तो म्हणाला, "हो."

भैरूला ते नीट दिसलं. त्यानं दोनदा मान हलवली, जणू त्यानं वाट विचारली होती आणि कुणी ती सांगितली होती.

"हितं येऊ नगस परत," तो म्हणाला. "मी हाय तवर येऊ नगस."

मग त्यानं नवीन डिस्क काढून टेबलावर ठेवली, जुनी लावली आणि स्टूल पुढं ओढलं.

मी त्या दोघांबरोबर जिना उतरलो. सायली पुढं गेली. गणराज खालच्या पायरीवर बुटाचे बंद बांधत होता. मी म्हटलं, अजून वेळ गेली नाही, वर जाऊन सांगू या.

"नको, काका," तो म्हणाला. "निदान बोलले तरी आज."

पुढच्या रविवारी तो आला नाही, नंतरही आला नाही. त्या दिवशीचं पुरण गोजाबाईंनी आमच्या घरी पाठवून दिलं. आता दर गुरुवारी त्या, देवळात जाते म्हणून सांगून, घरातून निघतात आणि चाकणच्या बसमध्ये बसतात. परत येताना स्टँडवर एक केळं विकत घेतात आणि प्रसाद म्हणून भैरूच्या हातावर ठेवतात. तो ते कपाळाला लावतो आणि खातो.